चित्रपटाचं दुसरं प्रूफ

मी कोल्हापुरात मुद्रितशोधनाचं काम करते. यंदा 22 वर्षं झाली. कथासंग्रह, दिवाळी अंक, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका, जे येईल ते वाचते. त्याच टेबलावर बसून गेली नऊ वर्षं चित्रपटांवरही लिहिते आहे. वर्षाला चार-पाच लेख होतात, त्याहून जास्त होत नाहीत, कारण एका लेखासाठी मी चित्रपट निदान तीनदा पाहते.

चित्रपटांवर लिहावंसं वाटणारी मुलंमुली मला विचारतात, दुसऱ्यांदा पाहताना नेमकं करायचं काय? गोष्ट तर माहीत झालेली असते. वीस मिनिटांत कंटाळा येतो आणि हात मोबाईलकडे जातो. त्यांचं खरं आहे. नुसता पुन्हा लावला तर चित्रपट पुन्हा तेवढाच दिसतो. दुसऱ्या वेळी काय शोधायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला मला माझ्या धंद्यानं शिकवलं.

प्रूफ वाचणाऱ्याचा पहिला शत्रू म्हणजे चांगला मजकूर. कथेत जीव रमला की डोळा अक्षर बघत नाही, पुढचा शब्द स्वतःच भरून घेतो. ‘परिस्थिती’तली एखादी वेलांटी उलटी पडलेली असते आणि आपण ती सरळच वाचतो. म्हणून आम्ही ओळीखाली पट्टी धरतो, खालचा मजकूर झाकतो आणि एका वाचनात एकच गोष्ट बघतो. आधी मूळ प्रतीशी ताडून ओळी सुटल्यात का ते बघायचं. मग ऱ्हस्व-दीर्घ, मग पानांचे आकडे, मथळे, तळटिपा. सगळं एकदम बघायला गेलं तर सगळंच निसटतं. चित्रपटाचंही अगदी तसंच आहे.

आधी चित्रपट कोणता घ्यायचा ते सांगते. सर्वांत आवडलेला घेऊ नका, त्याच्याबद्दल कौतुकाचीच वाक्यं सुचतात. मनात कुठेतरी अडलेला घ्या. पाहून आठ दिवस झाले तरी एखादं दृश्य डोक्यातून जात नाही आणि का जात नाही ते सांगता येत नाही, असा चित्रपट. माझ्यासाठी तसा चित्रपट होता चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. 2014 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला दोन पुरस्कार मिळाले, आपल्याकडे तो एप्रिल 2015 मध्ये लागला, आणि 2014 सालचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिकही त्यालाच होतं. नारायण कांबळे हे वयस्कर लोकशाहीर. त्यांच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या एका कामगारानं आत्महत्या केली, असा त्यांच्यावर आरोप. पुढे तो खटला. मी पाहिला, सुन्न होऊन घरी आले, आणि लिहायला बसले तर एक धड वाक्य सुचेना. पुढचं सगळं याच चित्रपटाच्या आधारानं सांगते, कारण तो पाहतानाच मी हे सगळं शिकले.

पहिलं काम चित्रपट न लावता करायचं. वहीचं एक पान घ्या आणि आठवेल ते लिहा: कुठलं दृश्य आधी, कुठलं नंतर, सुरुवात कशी, शेवट कसा. पुस्तकात किंवा फोनवर काही शोधायचं नाही. पानावर तारीख घाला. हे पान म्हणजे तुमची मूळ प्रत, आणि ती चुकीची असणार आहे. तिच्यातल्या चुकाच पुढे कामाला येतात. माझ्या पानावर शेवटी मी लिहिलं होतं, ‘कोर्टाला सुट्टी लागते, खोली रिकामी होते, दिवे जातात, अंधार, समाप्त.’

मग दुसरं पाहणं. मध्ये आठ-दहा दिवस जाऊ द्या. खोलीत थोडा उजेड ठेवा, लिहिता आलं पाहिजे. रिमोट हाताला लागणार नाही इतका लांब ठेवा. या वेळी थांबवायचं नाही, मागे न्यायचं नाही. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डाव्या बाजूला दिसतं आणि ऐकू येतं ते, उजव्या बाजूला वाटतं ते. पहिल्या अर्ध्या तासात तुमची उजवी बाजू भरून जाईल आणि डावी कोरी राहील. माझी तशीच राहिली होती. ‘फार अस्वस्थ करणारं’, ‘किती खरं’, ‘भयंकर’. हे शब्द कशावरून आले ते डावीकडे नव्हतंच. तेव्हा मी नियम केला: उजवीकडे एक शब्द लिहायचा तर आधी डावीकडे दोन गोष्टी लिहायच्या. ‘भयंकर’ लिहायचंय? मग काय दिसलं ते आधी लिही. वकील कुठे उभा होता, न्यायाधीश कुणाकडे बघत होते, मागे पंखा फिरत होता का. हा नियम फार जाचतो, पण पाळा. लेख याच डाव्या बाजूतून निघतो.

या दुसऱ्या वेळी शेवट आला आणि मी थिजले. कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे जातात, पडदा काळा पडतो आणि तसाच राहतो. (किती सेकंद राहतो ते तुम्हीच मोजा, मोजल्याशिवाय त्याचं वजन कळत नाही.) माझ्या पानावर चित्रपट इथे संपला होता. प्रत्यक्षात पुढे एक अख्खा भाग आहे. न्यायाधीश सदावर्ते सुट्टीत बऱ्याच मंडळींबरोबर सहलीला जातात. रिसॉर्ट, गप्पा, पगारांची चर्चा, कुणाच्या तरी मुलासाठी उपायाचा सल्ला. हा भाग माझ्या डोक्यानं गाळून टाकला होता. पुस्तकाचा शेवटचा फॉर्मच, म्हणजे शेवटच्या पानांचा जुडगाच, बांधायचा राहावा, तसं. का गाळला असेल? कारण अंधाराचा शेवट मला सोयीचा होता. व्यवस्था अंधारात, आपण दुःखी, पडदा. सहलीला गेलेला हसरा न्यायाधीश त्या चौकटीत बसत नव्हता. ज्या दिवशी हे कळलं, त्या दिवशी लेखाचा विषय सापडला. तुमच्याही बाबतीत आठवणीचं पान आणि चित्रपट जिथे जुळणार नाहीत, तिथे खूण करा. लेख बहुतेक तिथेच असतो.

तिसऱ्या वेळी मात्र रिमोट जवळ घ्या. पूर्ण चित्रपट बघायची गरज नाही. तीन-चार प्रसंग निवडा आणि एका वेळी एकच गोष्ट बघा.

मी आधी कट मोजते. दोन मिनिटांचा तुकडा घ्यायचा, चित्र बदललं की वहीत एक रेघ, चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. ‘कोर्ट’च्या न्यायालयातल्या दृश्यांना रेघा अगदी थोड्या येतात. टीव्हीवरच्या मालिकेचा तेवढाच तुकडा घेतला तर निम्मं पान भरतं. इथे कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी, लांब, जणू मागच्या बाकावर बसून आहे. चेहऱ्याजवळ जाऊन ‘आता इकडे बघा’ असं तो सांगत नाही. मग बघायचं कुठे ते प्रेक्षकाला ठरवावं लागतं, आणि पहिल्या वेळी आपण बोलणाऱ्याकडेच बघत बसतो.

म्हणून पुठ्ठा. ही माझी स्वतःची युक्ती आहे, प्रूफाच्या पट्टीवरून सुचलेली. वहीच्या मागचा जाड पुठ्ठा घ्या आणि पडद्यावर जिथे बोलणारं माणूस आहे तेवढा भाग झाका. उरलेल्या चित्राकडे बघा. ‘कोर्ट’मध्ये उरतात ती बाकावर बसलेली माणसं, आपापल्या खटल्याची वाट बघणारी. कांबळेंच्या खटल्याच्या आधी कुणाचं तरी काही चाललेलं असतं, नंतर कुणाचं तरी सुरू होतं. एका बाईंचं प्रकरण तर त्यांनी बिनबाह्यांचा पोशाख घातलाय म्हणून ऐकलंच जात नाही. पहिल्या वेळी मला तो गमतीचा तुकडा वाटला होता. पुठ्ठा धरून पाहिल्यावर लक्षात आलं की त्या खोलीत कांबळे हे एकटे नायक नाहीत, ते रांगेतले एक आहेत. हे वाक्य माझ्या लेखात तसंच्या तसं गेलं.

त्यानंतर आवाज. टीव्हीकडे पाठ करून बसा आणि नुसतं ऐका. दहा मिनिटं पुरतात. इथे माझ्या भाचीनं मला मोठी मदत केली. ती वकिली करते, जिल्हा न्यायालयात. रविवारी घरी आली होती, मी पाठमोरी बसून ऐकत होते. ती म्हणाली, “आत्या, साक्षीदार काय बोलतो ते ऐकतेयस ना? ते सोड. न्यायाधीश टायपिस्टला काय सांगतात ते ऐक. रेकॉर्डवर तेच जातं.”

मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. खरंच, त्या खोलीत सगळं दोनदा बोललं जातं. एकदा माणूस आपल्या तोंडानं बोलतो, आणि मग न्यायाधीश ते आपल्या शब्दांत घालून टायपिस्टला सांगतात. मधले अडखळणे, थांबणे, आवाजातला कंप, सगळं जातं आणि एक सरळ वाक्य उरतं. मला माझंच टेबल दिसलं. लेखकाचं हस्तलिखित एकीकडे आणि जुळलेला मजकूर एकीकडे. फरक एवढाच की माझ्याकडे मूळ प्रत असते, सुटलेली ओळ परत घालता येते. तिथे मूळ प्रत हवेत विरून जाते.

मग मी मेलेल्या कामगाराच्या बायकोची साक्ष पुन्हा लावली. ती न रडता, सपाट आवाजात सांगते की नवरा दारू पिऊन आत उतरायचा, कारण त्याशिवाय वास सहन होत नसे. उतरण्याआधी तो आत खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली तर हवा आहे असं समजायचं. हा खडा मला पहिल्या दोन्ही वेळी ऐकू आला होता, पण तो ‘माहिती’ म्हणून ऐकू आला होता. तिसऱ्यांदा, पाठ करून, नुसता आवाज ऐकताना तो ऐकला आणि अंगावर काटा आला. नंतर कांबळेंचे वकील वोरा तिला गाडीतून सोडतात, पैसे देऊ करतात. ती घेत नाही. काही काम असेल तर सांगा, म्हणते. त्या खोलीत आणि त्या गाडीत तिचा आवाज मला एकाच पट्टीत लागलेला वाटला. हे मी डावीकडे लिहिलं आणि उजवी बाजू मुद्दाम कोरी ठेवली.

भाषाही अशीच वेगळी ऐका. ‘कोर्ट’मध्ये मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशा चार भाषा आहेत. कोण कुणाशी कोणत्या भाषेत बोलतं याची नुसती यादी केली तरी माणसांची घरं, वर्ग, सवयी समोर येतात. परभाषेतला चित्रपट असेल तर पहिल्यांदा खालची अक्षरं वाचा, पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ती बंद करा. अक्षरं चालू असली की डोळा पडद्याच्या खालच्या पट्टीतच घुटमळतो, वरचं निम्मं चित्र वाया जातं. गोष्ट तुम्हाला आता माहीत आहे, संवाद हुकले तर हुकू देत.

हे सगळं होईपर्यंत मुलाखती वाचू नका, दुसऱ्यांचे लेख वाचू नका. नंतर जरूर वाचा. कांबळेंचं काम करणारे वीरा साथीदार स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते, 2021 मध्ये ते गेले. गाणी संभाजी भगत यांची. हे कळल्यावर चित्रपट वेगळा दिसतो. पण आधी कळलं तर आपण तेच शोधत बसतो आणि डोळ्यांसमोरचं राहून जातं.

कुणाला वाटेल, घरी रिमोट आहे म्हणून हे सगळं जमतं. पण रिमोट नव्हता तेव्हाही माणसं असं बघत होती. पुण्यात 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, ते उभं करणारे पी. के. नायर अंधारात बसून वहीत टिपणं घेत. मुंबईत प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी 1968 पासून आहे. फिल्म सोसायट्यांमधून ज्यांनी लिहायला सुरुवात केली, त्यांना एक खेळ मिळायचा, फार तर दोन. त्यांच्या जुन्या लेखांत दृश्यांची वर्णनं किती नेमकी असतात ते बघा. थांबवता येणार नाही हे माहीत असलं की माणूस नीट बघतो. म्हणूनच दुसऱ्या वेळी रिमोट लांब ठेवायला सांगितला. गावात फिल्म सोसायटी असेल तर तिथे जा. खेळानंतर शेजारच्या खुर्चीवरचा माणूस जे बोलतो ते घरी मिळत नाही.

आता लिहिणं. पहिल्या खर्ड्यात माझं एक वाक्य होतं: ‘दिग्दर्शकाने न्यायव्यवस्थेचे विदारक वास्तव अत्यंत प्रभावीपणे मांडले आहे.’ प्रूफ म्हणून या वाक्यात एकही चूक नाही. पण ते कुठल्याही चित्रपटाला चिकटवता येतं, आणि जे वाक्य दहा चित्रपटांना चालतं ते तुमच्या चित्रपटाचं नव्हे. मी ते खोडलं आणि डाव्या रकान्यातून लिहिलं: ‘साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ते टायपिस्टला सांगतात, आणि आपण दोन्ही ऐकतो. कागदावर फक्त दुसरं जाणार आहे.’ ‘अप्रतिम’, ‘नितांतसुंदर’, ‘अंतर्मुख करणारा’ हे शब्द खर्ड्यात आले तर येऊ द्या, अडवू नका. नंतर प्रत्येकाखाली रेघ मारा आणि त्या जागी तुम्ही काय पाहिलं होतं ते घाला. ‘कॅमेऱ्याने कमाल केली’ असं लिहिण्याआधी कॅमेरा कुणी चालवला त्याचं नाव बघा. ‘कोर्ट’चं छायालेखन मृणाल देसाई यांचं आणि संकलन रिखव देसाई यांचं. सगळं श्रेय दिग्दर्शकाच्या खात्यावर टाकणं ही आपल्याकडची फार जुनी सवय आहे.

नावांच्या बाबतीत मी एकदा मोठी चूक केली आहे, ती सांगते. ‘संत तुकाराम’वर लिहिताना मी ‘आधी बीज एकले’ हा तुकोबांचा अभंग म्हणून दिला. लहानपणापासून तसंच ऐकलं होतं, तपासावं असं मनातही आलं नाही. अंक निघाला आणि साताऱ्याहून एका वृद्ध वाचकांचा फोन आला. ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, “ताई, तो अभंग नव्हे. प्रभात कंपनीच्या त्या चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं गाणं आहे ते.” 1936 सालचं गाणं इतकं तुकोबांचं वाटावं ही आठवल्यांची थोरवी, आणि मी त्यांचंच नाव पुसलं होतं. मुद्रितशोधक असून. तेव्हापासून जे ‘सगळ्यांना माहीतच आहे’ ते मी सर्वांत आधी तपासते.

लेख पूर्ण झाला की एक दिवस जाऊ द्या आणि मग शेवटचं प्रूफ काढा. लेखाची छापील प्रत मांडीवर, पेन्सिल हातात, समोर चित्रपट. पडद्यावर काय घडतं याबद्दल तुम्ही केलेलं प्रत्येक विधान मूळ चित्रपटाशी ताडून बघा. बरोबर असेल तर समासात टिकमार्क, नसेल तर गोल. पाच-सहा गोल निघतातच. कुणाच्या हातात फाईल होती की पिशवी, आधी गाणं की आधी पोलीस, असं काहीबाही. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते कुणी करत नाही, म्हणून तुम्ही करा. ‘कोर्ट’च्या लेखाला माझे चार गोल निघाले. तीन किरकोळ होते.

चौथा अगदी शेवटच्या परिच्छेदात होता. सहलीला गेलेले न्यायाधीश बाकावर डुलकी घेत असतात. मुलं जवळ येऊन ओरडतात, ते दचकून जागे होतात आणि एका मुलाला थप्पड मारतात. मुलं पांगतात. मी लिहिलं होतं, ‘आणि ते उठून निघून जातात.’ त्यावरच माझा सगळा शेवट उभा होता, की सत्ता स्वतःच्या कृत्यापासून दूर निघून जाते वगैरे. पेन्सिल हातात घेऊन पाहिलं तेव्हा ते कुठेच जात नव्हते. थप्पड मारून झाल्यावर ते तिथेच, त्याच बाकावर, पुन्हा झोपतात.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी गोल केला, परिच्छेद पूर्ण खोडला, आणि डाव्या रकान्यातलं नुसतं ते वाक्य लिहून लेख सकाळी पाठवून दिला.